तोंडातली ढलपी

खड्ड्यात उतरायला सात पायऱ्यांची शिडी होती आणि तिची सातवी पायरी तुटलेली होती. खालचा रोज सकाळी सहा पायऱ्या मोजायचा आणि प्रभूचं नाव घेऊन खाली उडी टाकायचा. घरी गुडघे टेकून केलेली प्रार्थना वेगळी, ती शब्दांची असायची. ही बिनशब्दांची, कारण उडी टाकायच्या आधीच त्याने तोंडात ढलपी धरलेली असायची.

ढलपी म्हणजे लाकडाचा चपटा तुकडा, बोटाएवढा. तो दातांत धरला की ओठ मिटलेले राहतात आणि वरून पडणारा भुसा तोंडात जात नाही. कोणी विचारलंच तर खालचा एवढंच सांगायचा. खरं कारण त्याला आणि त्याच्या बायकोला ठाऊक होतं.

वखार लाकडाची होती. यंत्राची करवत शहरात येऊन पुष्कळ वर्षं झाली होती, पण लांब ओंडका तिच्यावर चढत नसे. त्यामुळे होड्या बांधणारे अजून हाताने चिरलेल्या फळ्या मागायचे. ओंडका खड्ड्यावर आडवा टाकायचा. एक माणूस ओंडक्यावर उभा, एक खाली खड्ड्यात. मध्ये पुरुषभर उंचीची करवत, तिला एक मूठ वर आणि एक मूठ खाली. वरचा ती उचलतो, खालचा ओढतो. खाली येताना ती कापते आणि कापलेला सगळा भुसा खालच्याच्या डोक्यावर पडतो. वीस वर्षं या दोघांची जोडी होती. वखारीत त्यांना त्यांच्या नावाने कोणी हाक मारत नसे. एक वरचा आणि एक खालचा.

वरचा हा खालच्याच्या बायकोचा थोरला भाऊ. करवत त्याची, बापाकडून आलेली. घर त्याचं. बायको गेल्यापासून तो एकटाच होता, म्हणून बहीण आणि तिचा नवरा त्याच्याकडे राहायला आले, आणि खालचा घरजावई झाला. म्हणजे दिवसभर ज्याच्या पायांखाली उभं राहायचं, संध्याकाळी त्याच्याच छपराखाली जेवायचं, आणि रविवारी देवळात त्याच्याच बाकावर कोपराला कोपर लावून बसायचं. आठवड्याला आठवा दिवस असता, तर तिथेही वरचा आधीच जागा धरून बसलेला सापडला असता.

सोडून जावं म्हटलं तर जायचं कुठे? पंचावन्न वर्षांचा खड्ड्यातला माणूस. दुसरं काम येत नाही, आणि हे काम एकट्याने होत नाही. रात्री पडल्या पडल्या खालचा छताकडे बघायचा आणि त्याला वाटायचं, याही छतावर तो उभाच असेल, पाय फाकून.

वरचा कामाला वाघ होता, पण जीभ अशी की करवतीला धार लावायची गरज पडू नये. पूर्वी खालचाही गप्प बसणाऱ्यातला नव्हता. गेल्या वर्षीची गोष्ट. ओंडक्याच्या वरच्या अंगाला एक ओळ मारतात आणि खालच्या अंगाला एक. काजळीत बुडवलेलं सूत ताणून सोडलं की ओळ उमटते. वरच्याने वरची ओळ बघायची, खालच्याने खालची. खालची सुटू लागली की खालून हाक द्यायची, "डावीकडे!" किंवा "उजवीकडे!" ही रीत त्यांच्या बापजाद्यांपासूनची. त्या दिवशी खालच्याने लागोपाठ चार हाका दिल्या. आजूबाजूला सात-आठ हमाल बसले होते. वरच्याने करवत थांबवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "जावईबापू, माझ्या घरात जेवतोस तेवढं जेव. मला करवत शिकवू नकोस."

हमाल हसले. खालचा शिडी चढून वर आला तो हातात कानस घेऊनच. चौघांनी धरला म्हणून बरं.

संध्याकाळी बायकोने त्याला समोर बसवलं. म्हणाली, "प्रभूचं नाव घेता आणि माझ्या भावावर कानस उगारता? मला एक शब्द द्या. एक वर्ष. तो काहीही बोलो, तुम्ही उलट बोलायचं नाही."

दोघांनी गुडघे टेकले आणि खालच्याने शब्द दिला. देवळातल्या पाळकांनीही त्याच सुमारास सहनशीलतेवर तीन रविवार उपदेश केला. तिन्ही रविवार खालच्याला वाटलं, हे आपल्याकडेच बघून बोलतायत. कोणीतरी कानसीची गोष्ट सांगितलेली दिसते.

दुसऱ्या दिवसापासून तोंडात ढलपी आली. आणि ढलपी आली तशा हाका गेल्या. खालची ओळ सुटताना दिसली की खालचा बोलत नसे. तो आपल्या ताकदीने करवत बाजूला ओढायचा आणि ओळीवर आणायचा. खांदा भरून यायचा, पण मनात एक गोड कळ उठायची. बघ प्रभू, तो चुकतोय, मी निस्तरतोय, आणि एक शब्द बोलत नाही. वरून आवाज यायचा, "काय आडवी ओढतोयस? बैल आहेस का?" खालचा ढलपी चावायचा. संध्याकाळी तिच्यावर दातांच्या नव्या खुणा असायच्या. अकरा महिने झाले होते. बायकोला वाटे, नवरा सुधारला. नवऱ्यालाही तसंच वाटे.

मग एका शनिवारी होडीवाला आला. बरोबर हातगाडीवर आपल्याच वखारीतल्या सहा फळ्या. त्याने एक उभी केली आणि दोन्ही कडांना बोटं लावून दाखवली.

"वरच्या कडेला अडीच बोटं, खालच्या कडेला दीड. ही फळी आहे की पाचर? मालक, ही मी होडीला मारली तर पाण्यात जाणाऱ्या माणसांच्या बायकांना काय सांगू?"

मालकाने सहाही फळ्या बघितल्या. सगळ्या तशाच.

"हा आडवी ओढतो," वरचा लगेच म्हणाला आणि खड्ड्याकडे हात केला. "वर्षभर सांगतोय. हे घरी ऐकत नाही आणि खड्ड्यातही ऐकत नाही."

खालचा शिडीवर अर्धा वर, अर्धा खाली उभा होता. तोंडात ढलपी. मान खाली घातली.

होडीवाला निघून गेला, वरचाही पाणी प्यायला गेला. तेव्हा मालकाने खालच्याला ओंडक्यांच्या राशीमागे बोलावलं.

"खरं सांग. चूक कोणाची?"

खालचा ढलपी चघळत राहिला.

"अरे, ते काढ तोंडातलं! बैलासारखा रवंथ काय करतोस? मला वाटतं, तो संपलाय. तू एकदा म्हण, चूक वरची आहे, की सोमवारपासून तू वर. करवत मी दुसरी आणतो, खाली नवा माणूस देतो. त्याला फाटकावर बसू दे." मग त्याने कोपऱ्यातल्या जुन्या ओंडक्याकडे बोट केलं. दोन माणसांच्या मिठीत मावणार नाही असा, बाणासारखा सरळ. "सोमवारी हा चढवायचा. होडीच्या तळाच्या फळ्या यातून निघायच्यात. असा दुसरा मिळणार नाही. हा बिघडला तर तुम्ही दोघंही घरी. करवत लागायच्या आधी मला सांग."

खालच्याने मान हलवली. ना धड हो, ना धड नाही.

सुट्टी झाली. सगळे गेले. खालचा मात्र रेंगाळला आणि वखार रिकामी झाल्यावर ओंडक्यावर चढून वरच्याच्या जागेवर उभा राहिला. वीस वर्षांत तो तिथे कधी उभा राहिला नव्हता. वारा होता. भिंतीपलीकडची गल्ली दिसत होती, न्हाव्याचं दुकान, नळावर भांडणाऱ्या दोन बायका, गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी. आणि तोंडावर भुसा नाही. त्याने नाकाने मोठा श्वास घेतला आणि त्याला हसू आलं. 'चूक वरची.' दोन शब्द. वर्षभर गप्प राहिल्याचं फळ प्रभूने आपल्या हातावर ठेवलंय की काय, असंही मनात येऊन गेलं.

तेवढ्यात त्याला गल्लीत वरचा दिसला. घरी चालला होता. चालताना त्याचा उजवा हात भिंतीला लागलेला होता. कोपऱ्यावर भिंत संपली तसा तो थांबला. रस्त्यावर काही नव्हतं, तरी थांबला. एक हातगाडी लांबून खडखडत आली, पुढून गेली, तिचा आवाज विरला, आणि मगच त्याने पाऊल टाकलं.

म्हाताऱ्याचे गुडघे धरले असतील, असं खालच्याने स्वतःला सांगितलं.

रविवारी देवळात शास्त्रपाठ वाचायला वरचा उभा राहिला. आवाज भारदस्त, म्हणून गेली कित्येक वर्षं वाचनाचा मान त्याचाच. आपल्या बाकासमोरच उभं राहून तो वाचायचा. खालचा त्याच्या पुढ्यात, खाली बसलेला. तिथेही जागा न चुकता तीच.

खालच्याला वाचन तसं नवीनच होतं. चाळिशी उलटल्यावर बायकोने त्याला अक्षरं शिकवली होती, परातीत भुसा पसरून त्यावर बोटाने काढून. त्यामुळे शास्त्रपाठ चालू असताना तो नेहमी आपल्या पुस्तकात शब्दाखाली बोट सरकवत असे. बाकीची माणसं नुसती ऐकतात. ज्याला अक्षरं उशिरा मिळाली तो एक शब्द वाया जाऊ देत नाही. त्या दिवशीचा पाठ पुस्तकाच्या सुरुवातीचा होता. खालच्याच्या डाव्या हाताखाली थोडी पानं, उजव्या हाताखाली ढीगभर.

एका शब्दाला तो अडला आणि त्याने वर बघितलं. खालून वर बघायची सवय होतीच. वरच्याच्या हातातलं पुस्तक त्याला बुडाकडून दिसलं. सगळी पानं डाव्या हातात होती. उजव्या हातात नुसता पुठ्ठा.

शेवटचं कोरं पान उघडून वरचा पहिल्या भागातला पाठ वाचत होता. एक शब्द इकडचा तिकडे न होता. डोळे पानावरून डावीकडून उजवीकडे फिरत होते, अगदी वाचणाऱ्यासारखे.

खालच्याचं बोट शब्दावरच राहिलं. मग एकेक गोष्ट समोर येऊन उभी राहिली. भिंतीला लावलेला हात. जेवताना पेल्याबाहेर सांडलेलं पाणी आणि त्यावरून बहिणीवर ओरडणं, "पेला इथे कोणी ठेवला?" गेली दोन वर्षं पाळकांना सांगून स्वतःच निवडलेले तेच ते सात-आठ पाठ. आणि ओंडक्यावरची काळी ओळ.

खोटं कशाला सांगावं, आधी त्याला आनंद झाला. देवाच्या घरात, देवाच्या शब्दाखाली बोट ठेवून, खालच्याच्या मनात आलं, 'सापडला!' आता उद्या मालकाला दोन शब्दही नकोत, एकच पुरे, 'आंधळा.'

दुपारी वरचा जेवून पडला होता. खालचा मोरीपाशी बसून कपडे धुवायच्या साबणाची लांब वडी उभी धरून दोऱ्याने चिरत होता. दोऱ्याचं खालचं टोक त्याने नखाने ओढलेल्या रेघेवर नेमकं ठेवलं आणि वरचं मुद्दाम ढळू दिलं. वडीचा काप निघाला. वर जाड, खाली बारीक. त्याने दुसरा काढला. या खेपेला वरचं टोक ढळलं तसं खालचंही त्याच्यामागे जाऊ दिलं. काप रेघेपासून ढळला, पण वर-खाली सारखा.

तो कापाकडे बघत राहिला. नुसता वरचा चुकला असता, तर खालची ओळ सुटलेली सगळ्यांना दिसली असती. काम थांबलं असतं, ओळ नव्याने धरता आली असती. पण खाली मी होतो. मी ओढून ओढून खालची बाजू सरळ ठेवली, चूक झाकली, आणि तिची पाचर करून टाकली. सहाच्या सहा फळ्यांची.

"अहो! माझा साबण!" बायको दारात उभी. "लहान आहात का? त्याची काय फळ्यांची वखार घातलीये?"

"अगं, बस इथे," तो म्हणाला. "दादांना दिसत नाही."

ती बसली नाही. पदराने हात पुसत राहिली. मग हळूच म्हणाली, "तुम्हाला आज कळलं?"

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"तांदळातला खडा मी निवडते, दादा नाही. आधी तो निवडून द्यायचा, आता म्हणतो बायकांचं काम आहे. तेव्हाच कळलं. मला वाटलं, तुम्हाला माहीतच असणार. दिवसभर त्याच्याबरोबर तुम्ही असता. मला वाटलं, तुम्ही खालून हाका देऊन सांभाळून घेताय. म्हणून तर मी निवांत होते."

"हाका? तूच तर शब्द घेतलास, बोलायचं नाही म्हणून!"

"उलट बोलू नका म्हटलं होतं," बायको म्हणाली. "बोलूच नका असं कधी म्हटलं?"

हातात साबणाचे दोन काप. अकरा महिने तो ज्याला सहन करणं समजत होता, ते दार आतून लावून घेणं होतं. वर एक माणूस अंधारात पाऊल टाकत होता. खालून येणारी हाक हाच त्याचा डोळा होता, आणि तोच आपण दाताखाली धरून ठेवला. पुन्हा रोज संध्याकाळी देवाला दाखवला, बघ किती चावलाय म्हणून.

"मालक मला वर घ्यायला तयार आहे," तो म्हणाला. "एक शब्द टाकायचा अवकाश."

बायकोने दोन्ही काप त्याच्या हातातून घेतले. "वीस वर्षं तुमच्या शर्टातला भुसा मी झाडतेय," ती म्हणाली. "तुम्ही वर गेलात तर मला वाईट वाटेल असं समजू नका." आणि काप फडक्यात गुंडाळत, "पण तो फाटकावर बसून काय बघणार?"

सोमवारी ओंडका चढला. बारा हमाल लागले. होडीवाला स्वतः आला होता. वरच्याने ओंडक्यावर चढून सूत धरलं, खालच्याने दुसरं टोक धरलं, ओळी मारल्या. वरची ओळ मारताना वरच्याने तिच्यावर अंगठा फिरवून बघितला. काजळी ओली आहे का बघतोय, असं कोणालाही वाटलं असतं.

मालक शिडीपाशी आला. "काय ठरलं?"

खालच्याने तोंडातली ढलपी काढून हातात घेतली. "जोडी हीच राहील, मालक. एक काप होऊ द्या आणि मग बोला."

"चूक कोणाची ते सांग आधी."

"दोघांची."

"दोघांची असेल तर दोघंही जाल."

"तसं झालं तर माझं आधी," खालचा म्हणाला आणि सहा पायऱ्या मोजून उडी टाकली. पायांखाली मऊ भुसा. चारी बाजूंना मातीच्या भिंती, वर ओंडक्याचं पोट आणि त्याच्या दोन्ही बाजूंना उजेडाच्या पट्ट्या. तो वर असता, तर या वेळी वाऱ्यात उभा असता. त्याने ढलपी पुन्हा तोंडाशी नेली, मग तशीच खिशात टाकली.

करवत लागली. वरचा उचलत होता, हा ओढत होता. हातभर काप झाला आणि खालची ओळ दात्यांपासून सरकू लागली. केसभर. मग दोन केस. खांदा सवयीने करवत ओढायला गेला; त्याने तो आवरला. करवत जशी लोंबत होती तशी लोंबू दिली.

"दादा," त्याने हाक दिली, "उजवीकडे. बोटाच्या पेराएवढं."

करवत थांबली. वखारीत सगळ्यांनी माना वळवल्या. कानसीचा दिवस कोणी विसरलं नव्हतं.

"जावईबापू," वरून आवाज आला, "वर्षभराने वाचा फुटली का? मला ओळ दिसते."

इथे बोलायला एक शब्द पुरे होता. तो खालच्याच्या जिभेवर आला, अगदी टोकावर. खड्ड्यातून बाहेर पडायची खरी शिडी तीच होती, आणि तिची एकही पायरी तुटलेली नव्हती.

तो कापाच्या अगदी खाली गेला. कापातून उजेडाची बारीक रेघ येत होती आणि पलीकडे वरच्याची पावलं दिसत होती. बोटं ओंडक्याला घट्ट रोवलेली. अशी रोवलेली की नखं पांढरी पडली होती. वीस वर्षं ती पावलं आपल्या डोक्यावर होती, पण ती भ्यालेली असू शकतील हे खालच्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

"दादा," त्या फटीतून तो हळू बोलला, फक्त वर जाईल इतकंच. "तुमच्या ओळीचं तुम्ही बघा. माझी मला सुटलेली दिसतेय, आणि मी आता ओढणार नाही. ओढल्यानेच पाचर झाली. ती चूक माझी. तुम्ही करवत ओळंब्यात, सरळ उभी धरा, ते तुमच्याइतकं कोणाला जमत नाही. सुटली की मी सांगतो."

वरची पावलं हलली नाहीत.

"हमाल ऐकतील असं वाटत असेल तर हाक देत नाही. मुठीवर टिचकी मारतो. एक मारली की डावीकडे, दोन मारल्या की उजवीकडे. पात्यातून तुमच्या हाताला कळेल. कोणाला ऐकू जाणार नाही."

मालक पायावर पाय बदलत होता. मग वरून करवत उचलली गेली. खालच्याने दोन टिचक्या मारल्या. पातं थरथरलं आणि हळूहळू, नाखुशीने, उजवीकडे वळलं. ओळ पुन्हा दात्यांखाली आली.

दोन हात काप झाला. एक टिचकी. आणखी एक हात. दोन टिचक्या. मध्येच लाकडात गाठ आली आणि करवत अशी हिसके देऊ लागली की टिचकी कोणती आणि गाठ कोणती ते कळेना. ओळ झपाट्याने सुटू लागली. खालचा टिचक्यांवर टिचक्या मारत होता. कपाळावरचा घाम आणि भुसा मिळून डोळ्यांत चिखल उतरत होता. आता ओढावं, एकदाच ओढावं, असं खांदा म्हणत होता.

करवत थांबली.

"टिचकी नीट कळत नाही," वरून वरचा म्हणाला. जोरात म्हणाला, वखारीला ऐकू जाईल असं. "ओरड."

"दादा, हमाल..."

"ऐकू देत हमालांना. ओरड म्हणतो ना! एरवी घरात घोरतोस तेव्हा शेजाऱ्यांची लाज वाटत नाही तुला."

खालच्याने तोंड उघडलं. तोंडात भुसा गेला, जिभेला कडू चव आली, ठसका लागला, आणि ठसक्यातूनच तो ओरडला, "डावीकडे! अजून! अजून... बस!"

मग दुपारपर्यंत वखारीत दुसरा आवाज नव्हता. डावीकडे. बस. उजवीकडे, केसभर. बस. वरून कधी शिवी यायची, कधी नुसता हुंकार. हमाल हातातलं काम टाकून बघत होते. पलीकडच्या टोकाला पोचेपर्यंत खालच्याचा घसा बसला होता, आणि शेवटच्या हाका कावळ्यासारख्या निघत होत्या.

फळी सुटली. चौघांनी ती उतरवली. होडीवाल्याने वरच्या कडेला बोटं लावली, मग खालच्या. टोकाला लावली, मध्ये लावली, गाठीपाशी दोनदा लावली. दोन बोटं. सगळीकडे दोन बोटं. गाठीपाशी मात्र बोट ठेवलं तर कळेल एवढी एक लाट.

"ही रंधा मारून जाईल," होडीवाला म्हणाला.

मालकाने वरच्याकडे बघितलं. "काय बदललं एका दिवसात?"

वरचा ओंडक्यावरून उतरत होता. पाय टेकायला जागा चाचपडत होता, आणि आज ते लपवत नव्हता. जमिनीवर उभा राहिला आणि म्हणाला, "जावईबापूंचं तोंड उघडलं." मग शर्टाच्या बाहीने तोंड पुसून, "आणि माझे डोळे मिटत चाललेत. दोन्ही ऐकून घे, मालक. मग फळी बघ आणि काय ते ठरव."

कोणी हसलं नाही. मालक फळीच्या टोकाशी उकिडवा बसला आणि एक डोळा मिटून तिच्या लांबीवरून नजर टाकत राहिला. उठला तेव्हा त्याने वरच्याकडेही बघितलं नाही आणि खालच्याकडेही. "दुसरी ओळ मारा," म्हणाला. "आजचं आज बघू. उद्याचं उद्या."

दुपारची भाकरी त्यांनी खड्ड्याच्या काठावर बसून खाल्ली. डबा एकच, बहिणीने बांधून दिलेला. वरच्याने हात पुढे केला, तो डब्याच्या बाजूला पडला. खालच्याने डबा त्याच्या हाताखाली सरकवला. काही बोलला नाही. मग आठवण झाली आणि म्हणाला, "दादा, डबा इथे आहे. उजव्या हाताला."

"डबा मला कळतो," वरचा खेकसला. "तू ओंडक्यापुरता बोल."

वरच्याने भाकरीचा तुकडा मोडला.

"कधी कळलं तुला?"

"काल. पुस्तक मागून उघडलं होतंत."

वरच्याचा घास थांबला. तो एकदम हसला, नाकातून, आवाज न करता. "तरीच. आजपर्यंत कोणी बघितलं नाही. पाळकांनीसुद्धा नाही." मग त्याने बोटं झटकली. "येत्या रविवारी पाठ तू वाच."

"मी?" खालचा दचकला. "दादा, मी अडखळतो. एकेका अक्षरावर बसतो. सगळ्या मंडळीसमोर..."

"अडखळ. माझे पाठ असलेले सात-आठ होते, ते लोकांनी किती वेळा ऐकायचे? मलाही पुढचं ऐकू दे की काहीतरी." आणि उठता उठता, "मी शेजारीच बसलेलो असेन. अडलास तर खालून सांगेन."

सगळी मंडळी, दीडशे डोळे, आणि मध्ये उभा हा, हातात पुस्तक, पळायला वाट नाही. त्यापेक्षा खड्डा बरा होता. त्याने सवयीने खिशात हात घातला. उडी टाकताना की ओरडताना कोण जाणे, ढलपी कधीतरी पडली होती. भुशात एक लाकडाचा तुकडा शोधायचा म्हणजे दिवस गेला असता.

"चल," वरून आवाज आला. वरचा चाचपडत ओंडक्यावर चढलाही होता. "जावईबापू, खाली जाऊन झोपलास की काय?"

"आलो," खालचा बसक्या घशाने म्हणाला, आणि सहा पायऱ्या मोजून त्याने खाली उडी टाकली.